क्रॉफर्डला पळपुटा म्हणणाऱ्यांसाठी

अमेरिकन बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्डने डिसेंबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हापासून माझा भाचा आणि त्याच्या जिममधली पोरं एकच पालुपद धरून बसलीत. "पळाला. हरायच्या आत पळाला." परवा सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर तासभर वाद झाला. पाच जण एका सुरात बोलायला लागले की आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. मोठं झालंय, वेळ काढून वाचा.

४२ लढती, ४२ विजय, त्यातले ३१ नॉकआउट. २०१४ साली ग्लासगोला, परक्या गावात जाऊन रिकी बर्न्सकडून १३५ पौंड वजनगटाचा जगज्जेतेपदाचा पट्टा आणला. पुढे १४०, मग १४७, आणि शेवटी १६८. या तीन वजनगटांत चारच्या चार पट्टे त्याच्या कमरेला लागले. शेवटची लढत १३ सप्टेंबर २०२५ ला लास व्हेगासमध्ये, समोर कॅनेलो अल्वारेझ. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. मी भाकरीच्या डब्याला मोबाइल टेकवून ती बघितली आणि तव्यावरची एक भाकरी कोळसा झाली. १५४ पौंड गटातला माणूस दोन गट वर चढून त्या गटाच्या राजाला बारा फेऱ्या डावखुऱ्या पवित्र्यात खेळवत होता. कॅनेलोचा ठोसा यायचा तेव्हा क्रॉफर्डचं डोकं तिथून वीतभर सरकलेलं असायचं, आणि परत जाता जाता कॅनेलोच्या तोंडावर एक टोला बसायचा. पंचांनी क्रॉफर्डच्या बाजूने ११६-११२, ११५-११३, ११५-११३ दिले. त्याला अडतीस पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी होते.

अडतीस म्हणजे काही लवकर नाही, असं कुणी म्हणेल. वयाने नाहीच. पण इतकी मोठी लढत जिंकल्यावर, पुढच्या लढतीचे पैसे समोर दिसत असताना उठणं हे बॉक्सिंगमध्ये फार लवकर उठणं आहे. त्या धंद्यात माणूस स्वतः उठत नाही, त्याला उचलून न्यावं लागतं.

भाच्याचं एक म्हणणं मला मान्य आहे. १६८ चे पट्टे त्याने घेतले, पण एकदाही राखून दाखवले नाहीत. त्या गटात तो एका रात्रीचा राजा राहिला. पन्नास वर्षांनी कुणी हिशोब मांडेल तेव्हा ही जागा रिकामीच दिसणार, आणि दिसावी. लवकर थांबण्याची ही किंमत असते, आणि ती त्याने मोजली. माझा राग आहे तो 'पळाला' या शब्दावर.

रॉकी मार्सियानोचं बघा. ४९ लढती, ४९ विजय. हेवीवेट जगज्जेता असताना एप्रिल १९५६ मध्ये त्याने हातमोजे काढले, वय अवघं ३२. तेव्हापासून लोक त्याच्या पराभवांच्या शून्याकडे बोट दाखवत आलेत: समोरचे म्हातारे होते, वॉलकॉट अडतीसचा, आर्ची मूर त्याहून थोराड. खोटं नाही ते. पण एक लढत लोक विसरतात. २६ ऑक्टोबर १९५१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर जो लुई. मार्सियानोचा लहानपणापासूनचा देव. लुई १९४९ ला जगज्जेता म्हणूनच निवृत्त झाला होता, पण इन्कम टॅक्सचं कर्ज एवढं झालं की परत यावं लागलं. ३७ वर्षांचा, टक्कल पडत चाललेला. आठव्या फेरीत मार्सियानोने त्याला दोऱ्यांमधून रिंगच्या कडेला पाडलं, पाय आत आणि धड बाहेर. नंतर मार्सियानो त्याच्या खोलीत जाऊन रडला म्हणतात. माझं म्हणणं आहे की त्याची निवृत्ती त्या रात्रीच ठरली, जाहीर व्हायला साडेचार वर्षं गेली एवढंच. मॅनेजर अल वीलचा वैताग, पाठीचं दुखणं, घरची ओढ, ही कारणं होतीच. पण उशिरापर्यंत खेळत राहिल्यावर काय होतं ते त्याने आपल्याच हातांनी केलं होतं. पुढे १९५९ ला त्यालाही परतीचा मोह झाला, सरावही सुरू केला. मग सोडून दिला. मला वाटतं ४९ व्या विजयापेक्षा हे सोडून देणं अवघड होतं.

एक योगायोग मला कायम खुणावतो. मार्सियानोची शेवटची लढत २१ सप्टेंबर १९५५ ची. बरोबर तीस वर्षांनी, २१ सप्टेंबर १९८५ ला लॅरी होम्स ४८-० वर, म्हणजे ४८ विजय आणि शून्य पराभवांवर उभा होता, एक विजय मिळाला की मार्सियानोशी बरोबरी. मायकेल स्पिंक्सकडून हरला. आणि २१ सप्टेंबर २०१७ ला आंद्रे वॉर्डने ३२-० वर, तेहतिसाव्या वर्षी निवृत्ती सांगितली.

होम्सने सात वर्षं जगज्जेतेपद राखलं होतं. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हेवीवेटमधल्या सर्वोत्तम जॅबमध्ये मोजतात, आणि एका पराभवाने तो जॅब बोथट झाला नाही. आपला विजेंदरही व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १२-० होता, मार्च २०२१ ला पणजीत हरला. म्हणून बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य पितळेचं झालं का? तेव्हा शून्यच सगळं काही आहे असं मी म्हणत नाहीये. शून्यामागे कोण उभे आहेत ते बघायचं. वॉर्डच्या मागे रशियाचा जगज्जेता कोवालेव्ह आहे, दोनदा हरवलेला. पहिल्यांदा तिन्ही पंचांकडे ११४-११३, म्हणजे केसाचा फरक. लोकांनी बोंब मारली. त्याने सात महिन्यांनी परत बोलावून आठव्या फेरीत निकाल लावला आणि तीन महिन्यांत शरीर आता साथ देत नाही म्हणून घरी गेला. त्याचं नाव आज सात रस्त्याच्या गाड्यावर कुणाला माहीत नाही, माझ्या भाच्यालाही नव्हतं. लवकर उठलं की असंही होतं, लोकांना जीव लावायला वेळच मिळत नाही. पण ज्यांना खेळ कळतो त्यांनी बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेमच्या २०२१ च्या तुकडीत त्याला निवडलं.

मग पोरं अलीचं नाव घेतात. अली पाच वेळा हरला तरी सगळ्यात मोठा, मग हरायला काय झालं? बरोबर. १९७१ ला फ्रेझरकडून हरून परत उठला म्हणून तो अली झाला. पण १९७५ च्या मनिलातल्या फ्रेझरसोबतच्या लढतीनंतर? १९७७ ला शेव्हर्सच्या लढतीनंतर त्याच्या डॉक्टरने, फर्डी पाचेकोने, मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघून सांगितलं की आता बास, आणि कुणी ऐकेना तेव्हा तो साथ सोडून गेला. अली १९८१ पर्यंत खेळला. १९८० ला याच होम्ससमोर दहा फेऱ्या नुसता मार खाल्ला, आणि होम्स पंचाकडे बघत होता की थांबव म्हणून. ती लढत मी यूट्यूबवर एकदाच बघितली, परत बघवली नाही. १९८४ ला पार्किन्सनचं निदान झालं. अलीची कीर्ती त्या शेवटच्या वर्षांनी वाढवली का? एका तसूनेही नाही.

आता घरचं सांगते, कारण मला हे पुस्तकातून कळलेलं नाही.

माझे चुलते, आप्पा, पैलवान. मी लहानपणी त्यांच्यासाठी दुधाची किटली घेऊन तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जायचे, आत मुलींना जायचं नसायचं. दारातूनच लाल मातीचा, तेलाचा, घामाचा वास यायचा. आप्पांनी मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या कितीतरी यात्रा मारल्या. त्यांचा ढाक हा डाव बघायला लोक हलगी थांबायच्या आत पुढे सरकायचे. चाळिशी उलटली तरी जोड लावायला माणसं घरी येत. "तुमच्या नावावर मैदान भरतंय ओ आप्पा, एवढी एक घ्या." एवढी एक, एवढी एक करत एका यात्रेत बाविशीचं पोरगं समोर आलं. मिनिटसुद्धा झालं नाही. आप्पा मानेवर पडले.

मान वाचली, पण वळत नाही. मागून कुणी हाक मारली तर आप्पा आख्खे वळतात, पायापासून, कपाट फिरवावं तसे. आणि लोक काय म्हणतात? वीस वर्षांच्या कुस्त्या कुणाला आठवत नाहीत. "ते नाही का, मानेवर पडलेले पैलवान." मी हे लग्नात ऐकलंय, दवाखान्यात ऐकलंय, एकदा नव्या पेठेत दुकानदाराने मला ओळख पटवायला असंच सांगितलं. शेवटचं मिनिट आधीची वीस वर्षं खाऊन बसलं. जोड लावायला येणाऱ्यांतला एकही माणूस नंतर घराची पायरी चढला नाही.

म्हणून 'अजून एक खेळायला पाहिजे होती' हे वाक्य मला ऐकवत नाही. जो म्हणतो त्याची मान पणाला लागलेली नसते. क्रॉफर्डची शेवटची आठवण आता कॅनेलोसमोरच्या बारा फेऱ्या आहेत, आणि ती कुणी बदलू शकत नाही. उद्या तो परत आला, पैसा फार वाईट, तर मी पहिली नाराज होईन.

परवा वादावरून तणतणत घरी आले. आप्पा ओट्यावर बसले होते, त्यांना सगळं सांगितलं. अमेरिकेतला पैलवान, एकही हरला नाही, सगळ्यात मोठी मारली आणि बंद केलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मान बरी हाय का त्याची?"

म्हटलं, बरी आहे.

"घरचे म्हणले आसतील, बास की आता."

मी म्हटलं, असेल. त्यांनी बशीतला चहा संपवला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि आख्खे माझ्याकडे वळले. "लाव बरं ती कुस्ती. पहिल्यापासनं लाव."