‘प्रत्येक भारतीयाला’ म्हणताना गोवा राहिला
‘26 जानेवारी 1950 पासून प्रत्येक भारतीयाला मताचा हक्क मिळाला’ हे लेखातलं वाक्य आम्हा गोंयकारांना लागू होत नाही; तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घटना समिती दिल्लीत 9 डिसेंबर 1946 रोजी बसली. त्याच वर्षी 18 जूनला मडगावात भाषण करायला उभे राहिले म्हणून समाजवादी नेते राममनोहर लोहियांना अटक झाली होती. लग्नपत्रिकासुद्धा इथे सेन्सॉरला दाखवूनच छापायची! आजोबांची तशीच छापलेली.

1961 च्या मुक्तीनंतर बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा केंद्रशासित प्रदेश झाला आणि विधानसभेसाठी पहिलं मतदान झालं डिसेंबर 1963 मध्ये. बोटावरची शाई आजी वाड्यावर घरोघर दाखवत फिरली होती म्हणे. बाकी लेख चांगला आहे, पण एवढी दुरुस्ती कराच.