परत पहिला दिवस

"काय, परत पहिला दिवस का?"

आज सकाळी भरल्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या बुटांकडे बघत हे विचारलं. शाळेला निघालेली दोन पोरं फिस्सकन हसली. एक अनोळखी बाई होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी नुसतं बुटांकडे पाहिलं. ते जास्त लागलं.

माझा संकल्प रोज सकाळी चालायला जाण्याचा, एवढाच. पण अंथरुणापासून दारापर्यंत पोचताना माझ्या स्वतःशी ज्या वाटाघाटी चालतात, तेवढ्यात एखादा सीमावाद मिटला असता. आज तडजोड अशी निघाली, की चालायचं नाही, फक्त बूट घालायचे. युक्ती चांगली आहे. एकदा बूट चढवले की ते काढायचाही कंटाळा येतो, म्हणून माणूस बाहेर पडतो. तर असा मी कंटाळ्याच्याच जोरावर लिफ्टपर्यंत आलेलो, आणि पुढ्यात काका.

काकांच्या गळ्यात नाडीला बांधलेलं एक स्टॉपवॉच असतं. ते कायम चालू असतं. कसली वेळ मोजताय म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "बंद कसं करायचं ते सापडत नाहीये."

खाली पोचल्यावर सगळे उतरले. काकांनी मात्र बोलता यावं म्हणून लिफ्टच्या दारात चप्पल अडकवली. दार यायचं, चपलेला टेकायचं आणि नाइलाजानं मागे जायचं.

"एकवीस दिवस रेटा," काका म्हणाले. "मग अंग आपोआप उठतं. शास्त्र आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण चालायला न जाता केलेलं वाचन कुठेतरी वापरायला हवंच ना. "काका, मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपला वाटायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यानं १९६० मध्ये लिहिलं. लोकांनी त्यातला चेहरा काढला आणि २१ ठेवले."

"मग खरे किती?"

"लंडनमध्ये ९६ जणांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८, कुणाला २५४."

दार येऊन चपलेला टेकून गेलं.

"तुम्हाला २५४ धरू," काका म्हणाले.

"अहो, मुळात तो अभ्यास चालला ८४ दिवस. २५४ हा पुढचा हिशेब मांडून काढलेला आकडा आहे."

"म्हणजे त्यांनाही तेवढी वाट बघवली नाही!"

"आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात निघालंय." हे मी पोरांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. पोरं केव्हाच गेली होती.

"एखादा," काका म्हणाले.

मग मीही काढलं, "तुमच्या बासरीचं काय झालं?"

"शिकायचीय की. पण मी कुठे कुणाला सांगितलंय, सुरू केली म्हणून?"

बोलले आणि लिफ्टनं वर गेले. खाली कशाला आले होते, कोण जाणे.

चिडचिड झाली ती याची, की माणूस बरोबर बोलला. मी लोळत पडलेलो असताना कुणीही येऊन "आज लोळण्याचा कितवा दिवस?" असं विचारत नाही. न करणाऱ्याला हिशेब मागायची पद्धतच नाही. बूट घातले की मात्र सगळी बिल्डिंग परीक्षक. आळस एक वेळ झटकता येतो, हे प्रेक्षक झटकता येत नाहीत. हसणारे तरी परवडले, कौतुक करणारे त्याहून घातक. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं २००९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. ज्यांचे मनसुबे दुसऱ्या कुणी वाचले, तेच कामाला कमी बसले. कुणी मान डोलावली की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं म्हणे. मला तर नवे बूट घेतानाच वाटलं होतं.

संध्याकाळी काका पुन्हा भेटले. "उद्या सहाला बेल वाजवतो. सोबत असली की माणूस टिकतो." आता काका बेल सहालाच वाजवणार. स्टॉपवॉच आहे.

याच गॉलविट्झरनं १९९९ मध्ये एक उपायही मांडून ठेवलाय. नुसतं "करीन" म्हणायचं नाही, "जर असं झालं, तर मी असं करीन" हे नेमकं ठरवून ठेवायचं, म्हणजे ऐन वेळी मनाला पळवाट राहत नाही. मी आत्ताच ठरवून टाकलंय. जर बेल वाजली, तर मी घरी नाही.