पोलिओ गेला, पण डोस थांबलेले नाहीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘भारत पोलिओमुक्त झाला, आता बाळांना थेंब पाजायची गरज नाही.’

पहिला भाग खरा आहे. पोलिओच्या मूळ (नैसर्गिक) विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणपत्र मिळालं. दारोदार फिरलेल्या बायामाणसांचं हे यश आहे; त्याचा आनंद व्हायलाच हवा.

दुसरा भाग मात्र साफ चूक, आणि घातक. पाकिस्तान-अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे. तो पुन्हा इकडे आला, तर डोस चुकलेलं मूलच आधी सापडेल, आणि पोलिओने लुळा पडलेला पाय औषधाने बरा होत नाही.

आपल्याकडे ऊसतोड टोळ्यांची मुलं हमखास सुटतात. लेकी बाळंतपणाला सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला जातात, त्यांचीही गफलत होते. वेळापत्रक देशभर एकच आहे: जन्मतः, मग ६, १०, १४ आठवड्यांना, आणि १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. तिकडचं कार्ड इकडच्या आरोग्य केंद्रात दाखवा. पल्स पोलिओच्या दिवशी तर कार्ड पूर्ण असलं तरी ५ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला थेंब पाजायचेच.