‘रस्त्यावरचं स्पॅनिश’ म्हणणाऱ्या वाचकांस

स्पॅनिश क्रियाविशेषणांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “‘कोर्रे रापिदो’ (वेगाने धावतो) हे रस्त्यावरचं स्पॅनिश. शुद्ध रूप ‘रापिदामेन्ते’च. आधी स्वतः नीट शिका, मग शिकवा.” शिवाय उच्चारांवर आणि उदाहरणांवर ताशेरे आहेतच.

मतभेदाचं काही नाही हो. पण “स्वतः नीट शिका” ही कुठली बोलण्याची रीत? टोपणनावाआडून लिहायला काय जातं! मी पुण्यात वर्षानुवर्षं रात्रपाळीत मेक्सिकोच्या ग्राहकांचे फोन घेतलेत. समोरचा चिडून भराभर बोलू लागला की मी “मास देस्पासियो, पोर फाबोर” म्हणायचो आणि तो हळू बोलायचा. ‘देस्पासियो’ला कुठे आलंय ‘मेन्ते’?

क्रियाविशेषण करायला विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप घ्या, ‘मेन्ते’ लावा: लेन्तो (संथ), लेन्ता, लेन्तामेन्ते. ‘फासिल’ (सोपं) सारखं दोन्ही लिंगांत एकच रूप असेल तर थेट फासिलमेन्ते. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. वाचलं असतंत तर बरं झालं असतं. पण म्हणून ‘आब्लार क्लारो’ (स्पष्ट बोलणं), ‘कोर्रेर रापिदो’ (वेगाने धावणं) अशुद्ध होत नाही. स्पॅनिशचे नियम ठरवणाऱ्या स्पॅनिश रॉयल अकादमीच्या कोशात ‘रापिदो’ क्रियाविशेषण म्हणूनही दिलाय. तुमचा तो रस्ता अकादमीच्या दारावरून जातो म्हणायचा!

आणि हे रूप बदलत नाही. मुली धावत असल्या तरी ‘एयास कोर्रेन रापिदो’, ‘रापिदास’ नाही. मराठी माणूस अडखळतो तो इथेच. आपण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ म्हणतो, म्हणून वर्गात ‘एया कान्ता ब्वेना’ ऐकू येतं. तिथे हवं ‘ब्येन’. तुमचा ‘मेन्ते’चा हट्ट धरून कुणी ‘ब्वेनामेन्ते’ म्हणालं, तर शब्द खरा निघेल, पण अर्थ होईल ‘विनासायास’. ती गाते कशी, ते राहूनच जाईल.

एक मान्य. दोन क्रियाविशेषणं जोडून आली तर ‘मेन्ते’ फक्त शेवटच्याला लागतं, ‘क्लारा इ कोन्सिसामेन्ते’ (स्पष्ट आणि थोडक्यात), हे लेखात नव्हतं. घालतो.

‘फासिल’ की ‘फाथिल’? मेक्सिकोत पहिलं, माद्रिदमध्ये दुसरं. मला मेक्सिकोने शिकवलंय. बाकीच्या आक्षेपांत उत्तर द्यावं असं काही दिसलं नाही. ‘खूप’साठीच्या ‘मुय’ आणि ‘मुचो’ या शब्दांवर वेगळा लेख येणारच आहे, तेवढा धीर धरा.