उन्हाळ्यात हवा पंचवीस ठेवा म्हणे!

पंपावरच्या पोरानं नळी हातात घेत कानडीत विचारलं, "गाळी एष्ट हाकली?" भाच्यानं काचेतून मान बाहेर काढून सांगितलं, "इप्पत्तैद." हवा किती, तर पंचवीस पौंड (पीएसआय). चारी चाकांना. पिकअपच्या मागं बेळगावच्या उद्यमबागेत बनवून घेतलेला पत्र्याचा डबा, डब्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, बॅटरी. वर एप्रिलची दुपार. आणि हवा पंचवीस! मी उतरून त्या पोराच्या हातातली नळी धरली.

"मामा, तुम्हाला म्हाईत नाही. उन्हाळ्यात हवा कमीच ठेवायची असतीय. ग्रुपवर आलंय."

आलंयच. गेले दोन महिने खानापूरपासून निपाणीपर्यंत ज्याच्या घरी पिकअप आहे त्याच्या फोनवर हा मेसेज आलाय. मथळा, 'पिकअपवर कॅम्पर बसवताय? मग टायरचे हे ७ नियम पाळाच'. थोडक्यात असा: कॅम्परला ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांचे, मोठ्या खाचांचे) टायरच हवेत, साधे फुटतात. जितका मोठा टायर तितका मजबूत. १० प्लाय म्हणजे दहा थर, कितीही वजन घाला. उन्हाळ्यात हवा २५, कारण गरम हवा फुगते आणि टायर फोडते. नायट्रोजन भरलं की सहा महिने बघायला नको. नवीन जोडी कायम पुढं. आणि ऑल-टेरेन असले की चिखलात गाडी अडकतच नाही. खाली हात जोडलेले, गुलाबाचं फूल, 'जीव वाचवा, पुढे पाठवा'.

हा मजकूर मुळात इथला नाही, हे पहिल्या ओळीतच कळतं. आपल्याकडं 'कॅम्पर' म्हटलं की दोन ओळींच्या सीटांची पिकअप डोळ्यापुढं येते. मेसेजातला कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागं बसवायचा, आत राहायचा डबा. मेसेजमध्ये मध्येच 'तुमच्या ट्रकची मागील पेटी' असा शब्द आहे. बेळगावात ट्रक म्हणजे ऊस नाहीतर वाळू. अमेरिकेत पिकअपला ट्रक म्हणतात, तिथलं काहीतरी कुणीतरी मराठीत उतरवून घातलंय, आणि वर हवेची अक्कल आपल्याच पदरची जोडलीय.

बाकीचे मुद्दे येता-जाता निपटता येतील. हा पंचवीसचा मात्र जिवावर उठणारा आहे, म्हणून आधी तोच.

हवा तापली की दाब वाढतो, हे खरं. कितीनं वाढतो? सकाळी ३० अंशाला ४० भरली आणि टायरच्या आतली हवा तापून ७० अंशाला गेली, तर दाब सत्तेचाळीसच्या आसपास होईल. बस्स. टायर बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणूनच दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो, पुढची वाढ त्यात धरलेली असते. सात पौंडांनी धडधाकट टायर फुटत नाही.

फुटतो तो हवा कमी असल्यामुळं. कमी हवेचा टायर खाली बसतो, त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला चेपते आणि परत ताठ होते. लोखंडी तार हातात धरून दहा-वीस वेळा इकडून तिकडं वाकवून बघा, वाकते तिथं चटका बसेल. टायरचं तेच होतं, आणि मिनिटाला शेकडो वेळा होतं. आतलं रबर तापतं, तारांच्या पट्ट्यांपासून सुटायला लागतं, आणि एका क्षणी वरचा पट्टाच उडून जातो. बघणारा म्हणतो, "उन्हानं फुटला." ऊन होतंच, पण ते कमी हवेच्या मदतीला आलेलं.

यावर कुणाला पुरावा हवा असेल तर एकच देतो, पुरेसा आहे. ९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. बहुतेक फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला बसलेले. माप २३५/७५ आर १५, आपल्याकडचे जीपवालेही हौसेनं चढवतात तेच. टायरची नावं एटीएक्स आणि वाइल्डरनेस एटी. त्यातलं 'एटी' म्हणजे ऑल-टेरेनच बरं का! वरचा पट्टा सुटून गाड्या उलटल्या आणि २०० हून जास्त माणसं गेली. त्या गाडीच्या स्टिकरवर हवा किती सांगितली होती? २६. नंतर टायर कंपनी म्हणायला लागली, ३० ठेवा. टायर जास्त कुठं सुटले? टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा, म्हणजे उन्हाच्या राज्यांत. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडं बोट दाखवलं, आणि सरकारी तपासात टायरच्या खांद्याच्या बांधणीतही खोट निघाली. सगळा दोष एकट्या हवेचा नव्हता, हे कबूल. पण ऊन, वजन, वेग आणि सव्वीसची हवा हे चौघं एकत्र आले की काय होतं, ते तिथं दिसलं. त्यानंतरच अमेरिकेनं कायदा केला आणि हवा कमी झाली की दिवा लागणारी यंत्रणा नव्या गाड्यांत सक्तीची झाली. आणि आमच्या ग्रुपवर त्याहून एक पौंड कमी ठेवायचा सल्ला फिरतोय, तोही 'जीव वाचवा' म्हणून.

या पंचवीसच्या मागं अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. कारवार-गोकर्णाकडं वाळूत गाडी उतरवायची असेल तर हवा वीसपर्यंत कमी करतात, टायर पसरतो, चाक रुतत नाही. खरं आहे. पण वेग सायकलचा, अंतर हाकेचं, आणि डांबरावर यायच्या आधी पुन्हा हवा भरायची. ज्याच्या गाडीत हवेचा छोटा पंप नाही त्यानं हा उद्योग करू नये.

आता वजन. मी भाच्याला पंपावरून सरळ वजनकाट्यावर नेलं. ऊस संपलेला, काटा रिकामाच होता. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी. चिठ्ठी आली: पुढं १,१५०, एकूण २,९१०. म्हणजे मागच्या दोन चाकांवर १,७६०, एकेका टायरवर ८८०. डबा बनवणारा छातीठोकपणे "पाचशेच्या वर जाणार नाही" म्हणाला होता. रिकामी गाडी आणि आम्ही दोघं वजा केले तर डबा साडेआठशेला पोचलेला.

मग मोबाईलच्या उजेडात टायर वाचला. गुडघे टेकून, मान वाकडी करून. २४५/७० आर १६, पुढं १०७. मापानंतरचा हा आकडा वजनाचा सांकेतिक आकडा आहे: १०७ म्हणजे ९७५ किलो. कंपनीचे जुने टायर १११ चे होते, म्हणजे १,०९० किलो. भाच्यानं जुने चांगले टायर काढून, जास्त पैसे मोजून, दर टायरला ११५ किलोनं कमी ताकदीचे घातले. का, तर खाचा मोठ्या दिसतात आणि भिंतीवर पांढरी अक्षरं आहेत.

"पण ९७५ आणि ८८०, बसतंय की मामा."

बसतं, पण कसं ते बघ. मापाच्या आधी 'एलटी' (लाइट ट्रक) किंवा शेवटी 'सी' (कमर्शियल) नाही, म्हणजे हा मालगाडीचा नव्हे, साध्या मोटारीचा टायर. असा टायर पिकअपला घातला तर अमेरिकेत त्याची क्षमता १.१० नं भागून धरतात. ९७५ चे झाले ८८६. शिल्लक सहा किलो. दोन्ही चाकं मिळून बारा. मागं पाण्याचा २० लिटरचा एक कॅन जास्त चढवला की संपलं. आणि हे सगळं पूर्ण हवेला. पंचवीसला त्याच टायरची ताकद साडेसातशेच्या आसपास येते, वजन ८८०. शिवाय चोर्ला घाटाच्या वळणावर उंच डबा एका अंगाला कलतो तेव्हा बाहेरच्या चाकावर ८८० पण राहत नाही, वाढतं. भाचा गप्प झाला. मीही जरा वेळ गप्पच राहिलो, कारण त्या डब्यात माझी आक्का पण बसून जाणार होती.

'१० प्लाय' तर निव्वळ शब्दाचा खेळ. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असत, तेव्हाची ती मोजणी. आता '१० पीआर' म्हणजे जुन्या दहा सुती थरांइतकी ताकद, आत थर मोजून दोन-तीन निघतील. पण 'कितीही वजन' कुठून आलं? ताकदीचा आकडा भिंतीवर किलोत लिहिलेला असतो. वाचायचे कष्ट तेवढे घ्यायला हवेत.

मोठा टायर मजबूत, हे दुकानदाराचं आवडतं. २४५/७० च्या जागी २६५/७५ घातला तर चाक साधारण ७ टक्क्यांनी मोठं होतं. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या वर असते. ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि आधीच उंच झालेला डबा आणखी इंचभर वर जातो. घाटात उतरताना हे सगळं एकदम आठवतं.

नायट्रोजन थोडं हळू झिरपतं, एवढं मान्य. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतं, आणि खिळा लागला तर दोन्ही सारखीच जातात. महिन्यातून एकदा सकाळी थंड चाकाला हवा मोजायचा गेज लावा. नवीन जोडी मागं घालावी. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर गाडी फिरते, आणि मागं तर आपला डबा.

चिखलाचं ज्यानं लिहिलं तो जूनमध्ये बैलहोंगल-सौंदत्तीकडं गेलेला नसावा. काळी माती भिजली की चप्पल उचलताना शेत बरोबर येतं. ऑल-टेरेनच्या खाचा तिथं दहा फुटांत भरतात आणि चाक गुळगुळीत गोळा होतं. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन. खानापूर-जांबोटीच्या जांभ्या दगडावर मात्र ऑल-टेरेन खरंच उपयोगी. धारदार खड्यानं बाजू चिरत नाही लवकर. पण तुमची गाडी वर्षातले तीनशे दिवस पुणे-बंगळूर हायवेवर पळणार असेल, तर साध्या हायवे टायरवर आवाज कमी, तेल कमी, आणि पावसात गाडी लवकर थांबते. 'साधे फुटतात' हे कुणी सांगितलं?

भाच्याचे टायर दुकानदारानं कुरकुरत बदलून दिले. ऑल-टेरेनच घेतले त्यानं, हौस आहे. पण 'एलटी'चे आणि वजनाचा आकडा बघून. त्या मापाला त्या वजनाला हवा किती, ते टायरच्या तक्त्यावरून काढलं. काट्याची चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवलीय. शनिवारी पहाटे निघाले, साडेनऊला कणकुंबीतून फोटो आला. चाकाला लावलेला गेज, काटा पहाटेपेक्षा पाच पौंड वर, खाली लिहिलेलं: मामा, वाढली!

मी लिहिलं, वाढूदे.