समुपदेशक पाहिजे, पण कशाला?

आज सकाळी एका ग्रुपवर एका शाळेची जाहिरात फिरत फिरत आली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी मजकूर तोच असतो. पद: शालेय समुपदेशक. पात्रता: मानसशास्त्रात एम.ए. इथवर ठीक. आता कामं वाचा. "शिस्तीच्या तक्रारी हाताळणे. गरजेनुसार ऑफ तास घेणे. प्रवेशाच्या काळात चौकशी कक्ष सांभाळणे. विद्यार्थ्यांशी झालेल्या चर्चेचा साप्ताहिक अहवाल मुख्याध्यापकांना देणे."

ही शेवटची ओळ ज्यांनी टाइप केली, त्यांनी समुपदेशन म्हणजे काय हे कुणाला एकदा तरी विचारलं असेल का? पहिल्याच भेटीत मुलाला सांगायचं असतं की इथलं बोलणं इथेच राहील. अपवाद तीन. तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्या कुणाला करणार असशील, किंवा कुणी तुला करत असेल, तर मला योग्य माणसांना सांगावं लागेल. आणि त्यांना सांगण्याआधी मी तुला सांगेन. नोंदी कुलपाच्या कपाटात, किल्ली समुपदेशकाकडे. वर्गशिक्षकांना सांगायचं ते कामापुरतं: महिनाभर त्याला मोठ्याने वाचायला उभं करू नका, पुढच्या बाकावर बसवा. कारण सांगायचं नाही. साप्ताहिक अहवाल म्हणजे सोमवारी मुलगी रडली की शनिवारी स्टाफरूममध्ये तिच्या घरच्या भांडणावर चहा. पुढच्या आठवड्यापासून त्या खोलीकडे कुणी फिरकणार नाही, आणि मग हेच लोक म्हणणार, "आमच्या मुलांना गरजच नाही."

शिस्तीचंही तेच. मारामारी झाली, पाठवा समुपदेशकाकडे, माफीनामा लिहून घ्या. अहो, शिक्षा ठरवणं हे पर्यवेक्षकांचं काम! समुपदेशकाने नंतर त्या मुलाजवळ बसायचं, हात का उठला ते बघायचं. आदल्या दिवशी ऑफ तासाला "गप्प बसा" म्हणून डस्टर आपटणाऱ्या बाईंसमोर दुसऱ्या दिवशी मन कोण मोकळं करेल?

मान्य, लहान शाळांना पगार परवडत नाही आणि शिक्षक कमी असले की कुणालातरी वर्गावर जावंच लागतं. पण मग त्या पदाला समुपदेशक म्हणू नका.

आता चौकशी कक्ष. मार्च ते जून बाई प्रवेशाचे फॉर्म वाटणार. नेमक्या त्याच महिन्यांत परीक्षा असते, निकाल असतो, नापास झालेली मुलं असतात आणि दहावीत जाणाऱ्या मुलांची अध्ययन अक्षमतेची कागदपत्रं असतात. हे शेवटचं काम किती लांबलचक असतं ते संचालक मंडळाला ठाऊकच नसतं. मूल वाचताना अडखळतं, b-d उलटे लिहितं, तोंडी उत्तर बरोबर आणि पेपर कोरा. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, कारण कित्येकदा चष्म्यावरच प्रश्न सुटतो. मग तीन महिन्यांच्या वह्या, सगळ्या विषयांच्या शिक्षकांशी बोलणं, मुलाला शेजारी बसवून एक उतारा वाचून घेणं, पालकांची समजूत. "वेडा नाहीये माझा मुलगा" हे ऐकायची तयारी ठेवायची. मग हॉस्पिटल. मुंबईत सायन, नायरसारख्या ठिकाणी चाचण्या होतात, रांग मोठी असते, फेऱ्या एकाहून जास्त. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती. सातवी-आठवीत सुरुवात केली तर हे सगळं वेळेत होतं. दहावीचा फॉर्म भरताना आठवलं तर मूल तसंच परीक्षेला बसतं.

आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. इथे मात्र राग आवरत नाही. मुलीने काही सांगितलं की शाळेचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी आपण शहानिशा करू." शहानिशा करणं पोलिसांचं काम आहे. समुपदेशकाने तिचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, तारीख-वेळ टाकायची, खोदून खोदून विचारायचं नाही, ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोर आणून उभं करायचं नाही. 2012 च्या कायद्याचं कलम 19 सांगतं की ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. लपवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. त्या जाहिरातीप्रमाणे ही गोष्टही साप्ताहिक अहवालात जायची काय?

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर सरळ विचारायचं, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात खूळ भरत नाही, उलट मूल सुटकेचा श्वास टाकतं. त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. पालकांना बोलावून मुलाचा हात त्यांच्या हातात द्यायचा. घरातल्या गोळ्या, शेतावरचं औषध कुलपात ठेवायला सांगायचं. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच दिवशी घ्यायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर पालकांना लिहून द्यायचा, आणि मूल शाळेत परतलं की पहिल्याच दिवशी भेटायचं. "पुन्हा असं करणार नाही" असं लिहून घेतलेल्या कागदाचा काडीचा उपयोग नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. चांगलंच झालं. पण अशा जाहिरातींनी कागद भरतो, एवढंच. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना 250 मुलांमागे एक माणूस आणि त्याचा 80 टक्के वेळ मुलांच्या कामासाठी, असं म्हणते. आपल्याकडे ते लगेच होणार नाही, कबूल. निदान अडगळीची खोली तरी देऊ नका, आणि ऑफिससमोरची काचेची तर मुळीच नको. शिपायाला वर्गात पाठवून मुलाचं नाव पुकारू नका. पीटीच्या तासाला तर अजिबात बोलावू नका. आठवड्यातला तोच एक तास त्याला आवडत असतो.

बरं, चिडून झालं. ही पोस्ट नुकती एम.ए. झालेली कुणी वाचत असेल, तर बाळा, मुलाखतीतच विचार: खोली कुठली, किल्ली कुणाकडे, ऑफ तास किती, सुट्टीच्या दिवशी फोन कुणी घ्यायचा. उत्तरं लेखी माग. अहवाल हवाच असेल तर महिन्याला आकडे दे: किती मुलं भेटली, कुठल्या इयत्तांची, अभ्यास-घर-मैत्री असे विषय कुठले, बाहेर किती जणांना पाठवलं. नावं नाहीत.

आणि परवडत नाही म्हणणाऱ्या संस्थांनी जवळपासच्या दोन-तीन शाळा मिळून एक माणूस नेमावा. वार ठरलेले असावेत आणि मुलांना पाठ असावेत. मधल्या दिवसांसाठी प्रत्येक शाळेत एक शिक्षक ठरवून द्यावा, शक्यतो जो वर्गात ओरडत नाही असा. त्याच्याकडे मुलांच्या हेल्पलाइनचा 1098, टेली-मानसचा 14416, जवळचं पोलीस ठाणं आणि तालुक्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर लिहिलेला असावा.