अडीचशेचा दिवा

भाड्याचं घर बघायला संध्याकाळी सातनंतर जाऊ नये. आम्ही गेलो. त्या वेळी सगळीच स्वयंपाकघरं ट्यूबच्या उजेडात असतात, त्यामुळे हेही चारचौघांसारखंच वाटलं. एजंटाने खिडकी उघडून दाखवली. "व्हेंटिलेशन फुल आहे," म्हणाला. खोटं नव्हतं. खिडकी फुल उघडत होती आणि तिच्यासमोर तीन फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत फुल उभी होती. पंचवटीत तळमजला, बाजार जवळ, भाडं परवडणारं. सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी पोह्यांना ओव्याची फोडणी दिली.

जिऱ्याची बरणी शेजारीच होती. नवरा काही बोलला नाही, फक्त घास तोंडात धरून खिडकीकडे बघत राहिला. खिडकीतून भिंत त्याच्याकडे बघत होती.

गोदेला पूर आला की नाशिककर पाणी किती चढलं ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. मी तसा उजेड डब्यांवरून मोजायला लागले. मूगडाळ आणि तूरडाळ वेगळ्या ओळखू आल्या तर बाहेर कडक ऊन. डबा कुठला आणि भिंत कुठली एवढंच कळलं तर ढगाळ हवा.

ट्यूब होती. पण ती दारावर, म्हणजे ओट्याशी उभं राहिलं की बरोब्बर पाठीमागे. त्यामुळे मी जे जे चिरायला घ्यायचे त्यावर आधी माझी सावली पडायची. डावीकडे सरकलं की कांदा दिसायचा, पण कांद्यापर्यंत हात पोचायचा नाही. हात पोचला की कांदा दिसायचा नाही. मी पंधरा दिवस कांदा अंदाजाने चिरला आणि बोटं अंदाजाने वाचवली.

घरमालक वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांना आम्ही काका म्हणतो. करार अकरा महिन्यांचा, आणि त्यात खिळा ठोकायचा नाही, ड्रिल मारायचं नाही, रंग बदलायचा नाही, असं सगळं नीट टाइप केलेलं. तरी धीर करून विचारलं, "काका, ती ट्यूब जरा ओट्याच्या वर घेता येईल का?"

"कशाला? आधीचे भाडेकरू तर कधी काही बोलले नाहीत."

आधीच्या भाडेकरूंना काही दिसलंच नसणार.

मग ठरवलं, भिंतीला हात न लावता उजेड आणायचा. नवा दिवा घ्यायचा तर दुकानात किमती ऐकूनच डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि अंधार घरी पुरेसा होता. जुन्या नाशकात एकेक वाडा उतरतोय. त्याची दारं, कड्या, हंड्या, फडताळं कुठे जातात, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. भद्रकालीच्या बाजूच्या एका बोळात उत्तर सापडलं. दुकान म्हणजे माणसाला बसायला जागा नाही इतकं सामान. त्या ढिगात टेबलावर ठेवायचा एक पितळी दिवा होता. बूड जड, मान बारीक, शेडचं कापड एकेकाळी कुठल्या तरी रंगाचं.

"चालू आहे का हो?"

"ताई, अँटिक आहे."

"ते दिसतंय. लागतो का?"

"अँटिक आहे," दुकानदार अधिक हळू आवाजात म्हणाला, जणू दिव्याला ऐकू गेलं तर वाईट वाटेल. सहाशेवरून अडीचशेवर आणला आणि मी विजयी मुद्रेने रिक्षात बसले.

घरी आल्यावर कळलं, आमच्याकडचे सगळे बल्ब पिनेचे आणि दिव्याचं होल्डर आट्याचं. वायरमनला बोलावलं. त्याने वायर बोटांत धरून नुसती वाकवली, तर आवरण चिवड्यातल्या पोह्यांसारखं ओट्यावर सांडलं.

"ताई, दिवा धातूचा. वायर दोन तारांची, म्हणजे अर्थिंग नाही. आतली तार सुटून बुडाला टेकली की सगळा दिवा करंट. आणि तुम्ही तो लावणार ओट्यावर, ओल्या हाताने. दिवा लागेलच, पण फोटोपुढे."

नवी तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग, पिनेचं होल्डर आणि त्याची मजुरी. दिवा अडीचशेचा, औषधपाणी चारशे दहाचं. शिवाय सिंकपासून लांब, ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यातच ठेवायचा अशी तंबी.

आता बल्ब. दुकानातल्या मुलाने विचारलं, "व्हाइट की वॉर्म?" मी म्हटलं, "जास्तीत जास्त उजेड पडेल तो." त्याने ६५०० केल्विनचा दिला. संध्याकाळी लावला आणि स्वयंपाकघराचं ऑपरेशन थिएटर झालं. वरण निळसर, पोळी आजारी, नवरा तर अत्यवस्थ. दुसऱ्या दिवशी बदलून २७०० चा आणला. केल्विनचं हे गणित मला फार उशिरा कळलं. आकडा मोठा तसा उजेड थंड दिसतो. तापवलेलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरंफटक, तोच हा हिशोब. म्हणजे लोहाराला जे लहानपणापासून ठाऊक ते मला दोन बल्बनंतर समजलं. आणि उजेड कमी-जास्त पडणं याचा केल्विनशी संबंधच नाही, त्यासाठी खोक्यावर ल्युमेन बघायचे असतात. ९ वॅटच्या साध्या एलईडीला साधारण ८०० ते ९००, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाएवढे किंवा त्याहून थोडे अधिक.

पण २७०० च्या त्या सोनेरी उजेडात कांदा कढईत टाकल्या क्षणीच सोनेरी दिसायचा. "गुलाबीसर होईपर्यंत परता" वगैरे गोष्टी संपल्याच. आमच्याकडे दोन दिवस कच्च्या कांद्याचा रस्सा झाला. नाशिककर रविवारी मिसळ खायला बाहेर का पडतात याची अनेक कारणं असतील, त्या रविवारी आमच्या घरी हे होतं. शेवटी ४००० वर तडजोड झाली. मुलाने बल्ब देताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दिवा लागला, पण एकाच कोपऱ्यात. तेव्हा मला परात सुचली. भांडी बाजारात मोडीच्या भावात एक जुनी पितळी परात घेतली, इतकी काळवंडलेली की दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की हीच ना. घरी चिंच-मीठ लावून घासली. चिंचेतल्या आंबटाने पितळेवरचा काळा थर सुटतो हे आजीपासून माहीत होतं, त्याला खांदे किती लागतात ते आजीने सांगितलं नव्हतं. परात दिव्यामागे भिंतीला टेकवून ठेवली आणि अहाहा! उजेड उसळी मारून सबंध ओट्यावर आला. त्याच भरात मी पुन्हा त्या बोळात जाऊन निळ्या काचेची एक छोटी हंडी आणली, नुसती शोभेला. खिळा चालत नाही म्हणून चिकटवायच्या हुकाला टांगली. हुकाच्या पाकिटावर वजन लिहिलं होतं, पण भिंतीवर तीस वर्षांच्या फोडणीचा थर आहे हे त्यांना कसं कळणार! रात्री अडीचला हंडी साईच्या पातेल्यात उतरली. काच वाचली, साय गेली.

उजेडाने आणखी एक केलं. आम्ही तीन महिने ज्या टाइल्सना बदामी समजत होतो त्या पांढऱ्या निघाल्या. हे कळल्यावर झोप लागत नाही. दोन रविवार गरम पाणी, सोडा आणि जुना टूथब्रश. नवरा म्हणाला, "अगं, अंधारच बरा होता, स्वस्तात स्वच्छ दिसायचं." त्याला मी ब्रश दिला.

आणि मग माणसं यायला लागली. आधी मुलगा भूमितीची वही घेऊन आला, कारण इथे कंपासचं टोक दिसतं म्हणे. मग नवऱ्याचा लॅपटॉप आला. एका संध्याकाळी वरच्या काकू मेथीची जुडी घेऊन उतरल्या. "तुझ्याकडे बसून निवडते गं, माती तरी दिसते." त्यांच्याकडेही खिडकीसमोर तीच भिंत आणि ट्यूब दारावरच. तीस वर्षं. परवा काकाही आले. दिव्याभोवती एक प्रदक्षिणा झाली, परातीवर टिचकी मारून झाली. "खिळा नाही ना ठोकला?"

"नाही, काका."

"बरं. त्या वायरमनचा नंबर देऊन ठेव."

नंबर दिला, पण काम अजून झालेलं नाही. त्यामुळे सध्या रोज सात वाजता ओट्याच्या त्या कोपऱ्यात दिव्याला पाठ करून काकू बसतात, त्यांच्या शेजारी भूमिती, भूमितीच्या शेजारी लॅपटॉप, आणि काका मेथीवर देखरेख करत उभे. मी उरलेल्या जागेत कांदा चिरते. त्यावर आता चौघांची सावली असते.

काल पोह्यांत पुन्हा ओवा पडला.